'मोकळी जागा' म्हणून लिहिलेली गिरणी: सोलापुरातल्या एका आवाराचं प्रकरण

पहिला खांब मुकाट्याने पडला. दुसऱ्याच्या वेळी भंगारवाल्याच्या माणसाने तुळईला टेकू लावला, पायथ्याशी घण घातला, आणि तिसऱ्या घावाला खांबाचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकताच आतून तांबूस पाण्याचा लोट बाहेर आला. तो दचकून मागे सरला. जुलै 2022 ची सकाळ, रात्री चांगली सर येऊन गेलेली. आम्ही चार-पाच जण भिजलेल्या बुटांनी नुसते बघत राहिलो. मागच्या चाळीतले म्हातारे फिटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, दारातून ओरडले, "ओ साहेब, खांब नव्हे ओ तो. नळ आहे, नळ!"

हे खांब भंगारात काढावेत, असं लिहिलेला अहवाल माझ्या सहीचा होता. म्हणून हे प्रकरण सांगायचं तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

जुन्या मागखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन थेट आत येत नाही, सुताचा तुटलेला धागा विणकऱ्याला दिसतो. पण अशा छपराला दर दोन दात्यांमध्ये एक घळ तयार होते आणि पावसाचं सगळं पाणी त्या घळीत उतरतं. शेकडो फूट लांबीच्या शेडच्या मधोमध जमलेलं ते पाणी भिंतीपर्यंत नेणार कसं? म्हणून खांब पोकळ ओतायचे. घळीतलं पाणी खांबाच्या पोटातून खाली, तिथून फरशीखालच्या गटारातून हौदाकडे. बॉयलरला पावसाचं पाणी फार मानवतं, कारण ते मऊ. आपल्याकडच्या विहिरीचं जड पाणी घातलं की नळ्यांत खापरीसारखा थर बसतो. म्हणजे ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी छपराचा थेंब न् थेंब मोजून वळवला होता, आणि मी तो लोखंडाच्या भावात काढायला निघालो होतो. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, ही सबब सांगता येईल. पण खांबाला वरून टॉर्च मारून बघायला कॉलेज लागत नाही.

आवाराचं नाव देत नाही. सोलापूरकरांना चटकन आठवतात त्या जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम यांपैकी हे नव्हे. त्यांच्या मानाने लहान, विणकामापेक्षा रंगकाम जास्त, दहा-बारा एकरांचं आवार. ओळख पटू नये म्हणून आकडे मुद्दाम गोल ठेवले आहेत. आत एक करवती छपराची शेड, पडकं रंगखातं, बॉयलर, विटांची चिमणी, एक हौद, एक विहीर, आणि मागच्या अंगाला साठेक खोल्यांची चाळ. गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं उलटलेली. जमीन लिलावातून काही भागीदारांनी घेतली होती आणि त्यांनी मला पायाच्या कामासाठी माती तपासायला बोलावलं. वसाहत कशी असावी हे ठरवायला नव्हे. मला दिलेल्या नकाशावर संपूर्ण आवाराला एकच शब्द होता: 'मोकळी जागा'.

या शब्दामागे गावाचा बराच इतिहास दडलेला आहे. मोरारजी गोकुळदासांची जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली. मुरारजी पेठ हे नाव त्यांचंच. 1949 मध्ये ती बंद पडली तेव्हा ते फक्त मालकाचं दुखणं मानलं गेलं नाही. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून गिरणी ताब्यात घेतली, पाठोपाठ कायदा केला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी आणि द्वारकादास श्रीनिवास ही त्यातली दोन प्रकरणं मालमत्तेच्या हक्कासाठी आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात, आणि 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीच्या कारणांत दुसऱ्या निकालाची गणना होते. एका गावातली गिरणी बंद पडली म्हणून राज्यघटनेपर्यंत हादरे गेले! पुढे साठच्या दशकात ती कायमची थांबली आणि आज त्या कंपाउंडात उमानगरी वसली आहे. चांगली नांदती वसाहत आहे, तक्रार नाही. पण नव्वदच्या दशकापासून एकेक भोंगा बंद होत गेला तेव्हा कुणी वटहुकूम काढला नाही. तोवर गिरणी म्हणजे 'प्लॉट' झाली होती.

भागीदारांचा पहिला आराखडा याच विचारातून आलेला. सगळं पाडायचं. राडारोडा हौदात आणि विहिरीत भरायचा, तेवढीच वाहतूक वाचते. नऊ मीटरचे रस्ते काढायचे, प्लॉट पाडायचे, समोर रस्त्यालगत दुकानांची इमारत. कायद्याने सोडायची दहा टक्के खुली जागा नाल्याच्या कोपऱ्यात, जिथे प्लॉट विकलाच गेला नसता. चाळीवर तिरप्या रेघा आणि 'हटवणे' असा शेरा. आणखी एक गोष्ट होती, ती नकाशात दिसत नव्हती. सगळं बांधकाम मिळून 20,000 चौरस मीटरच्या वर जात होतं, म्हणजे 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागणार. म्हणून प्रस्तावाचे तीन तुकडे केले होते, प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत. ही युक्ती नवीन नाही.

भागीदारांना खलनायक करायचं कारण नाही. सोलापुरात गिऱ्हाईकाला काय हवं ते त्यांना माझ्यापेक्षा नीट कळत होतं: स्वतःची जमीन, वर स्वतःची गच्ची, दारात तुळस आणि गाडी. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट म्हटलं की आमच्याकडे लोक अजून नाक मुरडतात.

मातीने मात्र आराखडा अडवला.

सोलापूरची जमीन म्हणजे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, त्यामुळे पाया मुरमात नेणं आलंच. आम्ही जागोजागी खड्डे घेतले. शेडजवळ अपेक्षेप्रमाणे निघालं. बॉयलरमागे दीड-दोन फूट नुसती राख आणि क्लिंकर, म्हणजे जळक्या कोळशाचे खडे. ही राख पिढ्यान्‌पिढ्या पसरून, रोलर फिरवून आवार सपाट केलेलं. तिच्यावर पाया ठेवला तर घर खचणार, एवढंच ते संकट. रंगखात्याच्या खड्ड्यात मात्र राखेखाली निळसर काळा, चिकट थर लागला. मजुराने फावडं वर काढलं आणि नाकाला गमछा लावला. गंधकाचा वास, कुजलेल्या अंड्यासारखा. फावड्याच्या पात्यावर राहिलेला डाग त्याने मातीने घासला, तो गेला नाही.

नमुने प्रयोगशाळेत पाठवले. क्रोमियम जास्त आलं. कपड्याच्या रंगाईत रंग पक्का करायला बायक्रोमेट हे क्रोमियमचं रसायन वापरायचे, आणि सोबत कॉस्टिक सोडा मुबलक. हे दोन्ही एकत्र असणं वाईट. क्रोमियमची एक जात मातीला धरून बसते, तिचा त्रास कमी. दुसरी, विषारी जात पाण्यात विरघळते, आणि माती अल्कधर्मी असेल तर तिला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. ती पाण्यासोबत निघून जाते. विहीर तिथून साठ पावलांवर होती.

अशा जमिनीचं काय करायचं, यावर त्या वेळी देशात स्वतंत्र नियम नव्हते. दूषित स्थळांचे नियम केंद्राने जुलै 2025 मध्ये काढले. 2022 मध्ये आमच्या हातात होते ते घातक कचऱ्याचे 2016 चे नियम आणि प्रत्येकाची सदसद्विवेकबुद्धी. एका बैठकीत "वर चार फूट मुरूम टाकला की झालं, कोण खणतंय?" असा सवाल आला. त्याला उत्तर आमच्या टीममधल्या तरुण आर्किटेक्टबाईंनी दिलं. म्हणाल्या, "दादा, प्लॉट घेणारा पहिल्याच महिन्यात बोअर घेणार. सोलापूर आहे हे."

बैठक तिथे वळली. तोवर 'शाश्वत', 'हरित' वगैरे शब्द माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठापुरते होते. बोअर म्हटल्यावर सगळ्यांना कळलं, कारण त्या टेबलावरच्या प्रत्येकाच्या घरी बोअर होती.

पाण्याचा हिशेब त्याच रात्री मांडला. जिल्ह्याचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास धरतात. मी पाचशेच धरला. एक एकर छपरावर पाचशे मिलिमीटर पडले तर वीस लाख लिटर. वाया जाणारं वजा करून सोळा लाख. शेडचं छप्पर दोन एकर, म्हणजे बत्तीस लाख लिटर. माणशी 135 लिटरच्या सरकारी मापाने साडेचार माणसांच्या घराला रोज सहाशे लिटर लागतात. चाळीतल्या साठ घरांना जवळपास तीन महिने पुरेल एवढं पाणी एका छपरावरून येतं. अर्थात कागदावर. हौद वीस मीटर लांब, दहा रुंद, दोन खोल. त्यात एका वेळी चार लाखच मावतात. बाकीचं जमिनीत घालायचं.

इथे मी दुसरी चूक करता करता वाचलो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' आमच्या पिढीच्या हाडात भिनलेलं आहे, त्यामुळे जवळची विहीर बघितली की त्यात पाणी सोडायचं हे हात आपोआप काढतो. पण त्या विहिरीत पाणी जिरवलं असतं तर भूजल वर चढून रंगखात्याच्या मातीला भिडलं असतं आणि क्रोमियम शेजारच्या पेठेतल्या बोअरपर्यंत ढकललं गेलं असतं. पुनर्भरणाचे खड्डे आम्ही चढाच्या बाजूने, पलीकडच्या टोकाला हलवले. विहीर ठेवली, पण फक्त नमुने घ्यायला. तिच्यावर जाळी आणि कुलूप.

रंगखात्याचा सर्वांत वाईट थर उचलून पुण्याजवळ रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाला पाठवला. उरलेल्यावर चिकणमातीचा आणि काँक्रीटचा पक्का थर घालून तिथे वाहनतळ केला. पाणी आत मुरणार नाही असा हा आवारातला एकच तुकडा. झाडं लावली ती उंच केलेल्या वाफ्यांत, खोलवर मुळं जाणारी नव्हेत. छपराचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे ओले करून, न फोडता उतरवले. यावर दोन ओळींत लिहितोय, पण खर्चात ती दोन पानं होती.

शेड ठेवल्याने विकायचे प्लॉट गेले, यावर भागीदारांची घासाघीस दोन महिने चालली. सुटका गणिताने केली: चटई क्षेत्र, म्हणजे किती बांधकाम करता येईल ते, संपूर्ण भूखंडावर मोजलं जातं, शेडच्या जमिनीचं न वापरलेलं क्षेत्र रस्त्यालगतच्या इमारतीत चढवता येतं. शेड कुणाला द्यायची, हेही गावानेच सुचवलं. सोलापूरचे शालेय गणवेश आज देशभर जातात. शिलाईच्या युनिटांना उजेड, उंची आणि सलग फरशी हवी असते, आणि आवाज फारसा नसतो. पॉवरलूम आत घेतले नाहीत, कारण मागांचा खडखडाट रात्रभर चालतो आणि शेजारी माणसं झोपणार होती. दोन तृतीयांश शेड राहिली. पुढचा भाग अग्निशमनाच्या रस्त्यासाठी गेला.

चाळीचं प्रकरण कायद्याने सुटलं नाही. कायद्यात तिच्यासाठी जवळपास काही नव्हतंच.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनींसाठी 1991 च्या नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम होता: एक तृतीयांश खुल्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, एक तृतीयांश मालकाला. 2001 मध्ये तो फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. तिथेही 'मोकळी' या शब्दाचंच भांडण, हे मला नंतर जाणवलं. सोलापूरला लागू आहे ती 2020 ची राज्याची एकत्रित नियमावली. तिच्यात मोठ्या भूखंडांवर लहान घरं बांधायची सक्ती आहे, पण दहा लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या महापालिकांत. 2011 च्या जनगणनेत सोलापूर 9,51,558. अठ्ठेचाळीस हजार माणसं कमी पडली आणि सक्ती हुकली. कामगारांची देणी चुकती झाल्याचा दाखला लागतो, तो लिलावाच्या वेळचा फाइलला होता. पण चाळीत आता कामगार कुठे होते? त्यांच्या विधवा, सुना, नातवंडं होती, आणि अण्णा.

भागीदारांपैकी एकाने सुचवलं, सोलापूरजवळच्या कुंभारीला द्या घरं. सूचना अगदीच वाऱ्यावरची नव्हती. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं 2006 मध्ये झाली, आणि शेजारी रे नगरमधल्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. सोलापूरच्या कष्टकरी बायकांनी लढून मिळवलेली ती घरं आहेत. पण ज्यांनी मागितली त्यांच्यासाठी. या चाळीतल्या बायकांनी मागितलेलं नव्हतं. एक अक्का मला म्हणाल्या, "पान आणायला, विडी टाकायला कारखान्याची शाखा हितं हाय. तिकडनं रोज रिक्षानं येऊ? हजार विड्यांचं मिळतंय किती, रिक्षाला जातंय किती, तुम्ही इंजिनियर हाव, करा की हिशेब."

आर्किटेक्टबाई त्यांच्यासोबत ओट्यावर बसल्या आणि टेप काढला. मांडी घालून बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. समोरून दुसरीला पाण्याची घागर घेऊन जाता आलं पाहिजे. त्या मापातून नव्या इमारतीच्या गॅलरीची रुंदी ठरली: दीड मीटर. नेहमीच्या नकाशात ती एक मीटर असते आणि तिथे माणसं कपडे वाळत घालण्यापलीकडे काही करू शकत नाहीत. गॅलरी उत्तरेला. सोलापूरच्या एप्रिलात, पारा चव्वेचाळीसकडे निघालेला असताना, दक्षिणेच्या गॅलरीत बसून कुणी हजार विड्या वळणार नाही. मागखात्याच्या छपराने शिकवलेलं तिथे असं कामाला आलं.

तळमजला अधिक तीन मजले, साठ घरं, त्याच आवारात. हे करारावर झालं, कुणाच्या मेहेरबानीवर किंवा नियमावर नव्हे: चाळ रिकामी करून घ्यायचे खटले किती वर्षं चालतील याचा वकिलाने दिलेला अंदाज भागीदारांना इमारतीपेक्षा महाग वाटला. आणि तीन तुकड्यांचा प्रस्ताव? तो शेवटी एकत्रच गेला. माझ्या सांगण्याने नव्हे. कर्ज देणाऱ्यांच्या वकिलाने पहिल्याच वाचनात बोट ठेवलं. मंजुरीत वर्ष गेलं.

चिमणीबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. सोलापुरात 'चिमणी' हा शब्द आता सरळ उच्चारता येत नाही. विमानसेवेसाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, त्याआधी अनेक वर्षं गाव त्यावरून दोन तट पडून भांडलं. आमची विटांची होती, वरून कललेली. वरचा भाग उतरवला, खालचा ठेवला, आकाशातली वीज जमिनीत नेणारी तार नवी घातली. अण्णांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते अर्धी चिमणी म्हणजे डोकं नसलेला माणूस. ठेवायची तर पूर्ण, नाहीतर पाडा.

आज काय आहे? चाळीतली माणसं नव्या इमारतीत राहायला गेली. शेडवर नवे पत्रे चढले, शिलाईची मशीनं चालतात. खुली जागा नाल्याच्या कोपऱ्यातून मधे आली, हौद आणि तीन जुन्या वर्षावृक्षांभोवती, आणि संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळत नाही. जे जमलं नाही तेही बरंच आहे. सांडपाणी शुद्ध करून शौचालयांना फिरवायची दुहेरी नळजोडणी विकत घेणाऱ्यांनी हाणून पाडली. ते पाणी बागेला जातं आणि पावसाळ्यात सरळ गटारात. रस्त्यालगतच्या इमारतीचे वरचे दोन मजले अजून विकले गेलेले नाहीत. फाटकाबाहेर सिटी बस कधी येईल ते विचारू नका.

खांबांची गटारं आम्ही उकरून साफ केली, दीड महिना लागला. उरलेले सगळे खांब आता पाणी वाहतात. घणाने फोडलेल्या दोघांच्या जागी लोखंडी आधार आणि बाहेरून पीव्हीसीचे पाइप आहेत, आणि शेडमध्ये गळती होते ती त्याच दोन ठिकाणी. दर मे महिन्यात मी सांधे बघायला जातो. अण्णा खुर्ची टाकून बसतात, बोलत नाहीत.

विहिरीच्या पाण्याचा नमुना दर सहा महिन्यांनी तपासायचा, असं ठरलं आहे. बांधकाम संपेपर्यंत तो खर्च भागीदारांनी केला. आता जबाबदारी सोसायटीकडे. पहिल्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातवा विषय होता. सहावा विषय वाहनतळातल्या जागांच्या वाटपाचा होता आणि सभा तिथेच रात्री साडेअकराला संपली.